गव्हाच्या दाण्याचा रंग

रोजच्या व्यवहारातील ज्या वस्तू अतिपरिचयामुळे आपल्या नजरेतून निसटतात, त्यांतच पुष्कळदा शिकण्यासारखे फार असते. गव्हाचा दाणा ही अशीच एक वस्तू होय. धान्याच्या दुकानात गेलेली गृहिणी मूठभर गहू तळहातावर घेऊन प्रथम काय पाहते? ती रंग पाहते. दाणा पिवळसर, टपोरा व चकचकीत असला, की तो तिच्या मनास येतो. तोच तांबूस असला, तर 'ह्याची पोळी काळपट होईल' असे म्हणून ती शेजारच्या पोत्यात हात घालते. ही निवड क्षणार्धात होते व तिचा विचारही पुढे कोणी करीत नाही. तथापि ह्या एका क्षणावर शेतकऱ्याला मिळणारा भाव अवलंबून असतो. नवे वाण निर्माण करणाऱ्या शास्त्रज्ञाची कित्येक वर्षांची मेहनत अवलंबून असते. आणि ऐन काढणीच्या वेळी पाऊस आला, तर उभे पीक हाती लागणार की शेतातच मोड येऊन वाया जाणार, हेही काही अंशी त्या रंगाशीच निगडित असते. म्हणून हा रंग येतो कोठून, त्याची निवड कशी करतात आणि त्या निवडीची किंमत काय पडते, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम दाण्याची रचना पाहू. गव्हाचा दाणा धारदार पात्याने आडवा कापून भिंगाखाली धरला, तर बाहेर कोंड्याचे पातळ थर व आत पांढरा पिठाचा गाभा दिसतो. एका टोकाशी इवलासा अंकुर असतो. ज्याला आपण कोंडा म्हणतो, तो एकच पापुद्रा नसून अनेक पापुद्र्यांचा मिळून झालेला असतो. सर्वांत बाहेर फळाची साल, तिच्या आत बीजाचे आवरण आणि त्याच्याही आत पिठाला लगटून असलेला एक पेशींचा थर, असा त्याचा क्रम आहे. तांबड्या गव्हाचा तांबडेपणा ह्यांपैकी मधल्या थरात, म्हणजे बीजावरणात असतो. त्या आवरणात एक तांबूस तपकिरी रंगद्रव्य साठते. ज्या गव्हात हे द्रव्य तयार होत नाही, त्याचे आवरण बिनरंगी राहते व आतील गाभ्याची झाक बाहेर दिसते. असा दाणा वस्तुतः पिवळसर सोनेरी दिसतो; परंतु शास्त्राच्या व व्यापाराच्या भाषेत त्यालाच पांढरा किंवा अंबरी गहू म्हणतात. तात्पर्य, पांढरेपणा हा गव्हाला मिळालेला एखादा रंग नसून तांबड्या रंगाचा अभाव होय. पुढील सर्व विवेचनाची किल्ली ह्या एका गोष्टीत आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

गव्हात आणखीही रंग आढळतात. रवा व शेवया ह्यांसाठी नावाजलेल्या बन्सीसारख्या कठीण गव्हात गाभाच पिवळा असतो. जांभळ्या गव्हाचा रंग सर्वांत बाहेरच्या सालीत असतो, तर निळ्या गव्हाचा रंग पिठाला लगटलेल्या थरात असतो व तो गवताच्या एका रानटी आप्तापासून गव्हात आणलेला आहे. पंजाबातील मोहाली येथील राष्ट्रीय कृषि-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेने असे जांभळे, निळे व काळे गहू आपल्या हवेत वाढतील अशा वाणांच्या रूपाने तयार केले आहेत. परंतु जगातील गव्हाच्या मुख्य व्यापारात भेद आहे तो तांबडा व पांढरा हाच. यास्तव आपणही तेवढ्यापुरताच विचार करू.

रंग ओळखणे वाटते तितके सोपे नाही. जमिनीत नत्र कमी पडले, तर कठीण दाण्यावरही पिठूळ, फिकट डाग पडतात. काढणीपूर्वी पाऊस झाला, तर तांबडा दाणा धुपून फिका दिसू लागतो. उलट दमट हवेत राहिलेला पांढरा दाणा मळकट होतो. अशा वेळी अनुभवी डोळ्यालाही चकवा बसतो. म्हणून प्रयोगशाळेत दाणे कॉस्टिक सोड्याच्या शेकडा ५ भागांच्या पाण्यात तास-दीड तास भिजवितात. तांबडा गहू त्यात गडद तांबूस तपकिरी होतो व पांढरा गहू गवती पिवळा राहतो. डोळ्यांना जो भेद धूसर दिसत होता, तो क्षारामुळे असा स्पष्ट होतो.

आता हा रंग आईबापांकडून संततीकडे कसा येतो, ते पाहू. ग्रेगोर मेंडेल ह्याने वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्यांचे महत्त्व जगाला पटले ते १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. मेंडेलने दाखविले होते, की दोन विरुद्ध गुणांच्या झाडांचा संकर केला असता पहिल्या पिढीत एकच गुण प्रकट होतो, दुसरा दबून राहतो. आणि दुसऱ्या पिढीत तो दबलेला गुण चारांतून एका झाडात पुन्हा डोके वर काढतो. स्वीडन देशात स्वालोफ येथे १८८६ साली स्थापन झालेल्या बीजसुधारणा संस्थेत हेर्मान निल्सन-एले नावाचा शास्त्रज्ञ काम करीत असे. त्याने तांबड्या व पांढऱ्या गव्हांचे संकर केले, तेव्हा पहिली पिढी अपेक्षेप्रमाणे तांबडी निघाली. परंतु दुसऱ्या पिढीत सर्व संकर सारखे वागेनात. काहींत चारांत एक झाड पांढरे निघाले. काहींत सोळांत एक. आणि एका संकरात तर दुसऱ्या पिढीतील सारीच झाडे तांबडी निघाली, पांढरे औषधालाही सापडेना!

दुसरा कोणी असता तर मेंडेलचा नियम गव्हाला लागू नाही, असे म्हणून मोकळा झाला असता. निल्सन-एलेने तसे केले नाही. त्याने त्या तांबड्या झाडांचे बी वेगवेगळे ठेवून तिसरी पिढी वेगवेगळ्या ओळींत पेरली व प्रत्येक ओळीत तांबडी किती, पांढरी किती, ह्याची चिकाटीने मोजदाद केली. त्यावरून त्याने असा सिद्धांत १९०९ साली मांडला, की गव्हाला तांबडे करणारा घटक एक नसून तीन आहेत. तिघांपैकी कोणताही एक असला, तरी दाणा तांबडा होतो. अधिक असले, तर तांबडेपणा गडद होतो. तिन्ही नसतील, तेव्हाच दाणा पांढरा राहतो. एका घटकाचा अभाव असणारे झाड चारांत एक, दोहोंचा असणारे सोळांत एक, तिहींचा असणारे चौसष्टांत एक. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे चौसष्ट, हे गणित पाटीवर करून पाहता येईल. माणसाची उंची, पिकाचे उत्पन्न ह्यांसारखे गुण पायरीपायरीने न बदलता हळूहळू का बदलत जातात, ह्या मोठ्या कोड्याचा उलगडाही ह्या गव्हाच्या दाण्यातूनच झाला. कारण अनेक लहान घटक एकाच गुणावर काम करीत असल्यास असेच घडावयाचे.

घटक तीनच का, ह्याचे उत्तर गव्हाच्या वंशावळीत सापडते. आपला पोळीचा गहू हा तीन वेगवेगळ्या गवतांच्या निसर्गतः झालेल्या मीलनातून उत्पन्न झाला. प्रत्येक गवताकडून त्याला १४ गुणसूत्रे मिळाली व अशी एकूण ४२ झाली. प्रत्येक पूर्वजाने आपापला तांबड्या रंगाचा घटक सोबत आणला, म्हणून घटकही तीन. बन्सी व खपली हे गहू दोनच पूर्वजांपासून झाले असल्याने त्यांची गुणसूत्रे २८ व रंगाचे घटक जास्तीत जास्त दोन. हे तिन्ही घटक गुणसूत्रांच्या तिसऱ्या जोडगटावर आहेत, आणि रंगद्रव्य बनविणारी यंत्रणा सुरू करणे हे त्यांचे काम आहे, असे जपानी शास्त्रज्ञांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. दिव्याची कळ दाबली तर दिवा लागतो. तीन कळांपैकी कोणतीही दाबली तरी तोच दिवा लागावा, तसाच हा प्रकार आहे.

ही झाली उपपत्ती. शेतात उतरले, म्हणजे आणखी एक अडचण पुढे येते. गहू हे आपल्याच परागाने फळणारे पीक आहे. म्हणून संकर करावयाचा असेल, तर ओंबीतील प्रत्येक फुलाचे तीन पुंकेसर ते पिकण्यापूर्वी चिमट्याने काढावे लागतात, ओंबीवर कागदाची पिशवी चढवावी लागते आणि दोनतीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून टाकावा लागतो. समजा, पांढऱ्या गव्हाच्या ओंबीवर तांबड्याचा पराग टाकला. जो दाणा भरेल, तो कोणत्या रंगाचा असेल? तो पांढराच असेल! कारण दाण्यातील अंकुर जरी आईबापांचा मिळून झालेला असला, तरी त्याचे आवरण सर्वस्वी आईच्या देहाचा भाग असते. बाळाच्या अंगातील रक्त दोन्ही घराण्यांचे असले, तरी अंगावरचे झबले आईने शिवलेले असावे, तसे हे आहे. झबल्यावरून बाळाचा स्वभाव कसा कळणार? हा दाणा पेरून झाड वाढले, म्हणजे ते झाड तांबड्या घटकाचे असल्याने त्याच्या ओंबीतील सारे दाणे तांबडे निघतात. आणि त्या दाण्यांपैकी काहींच्या पोटात निव्वळ पांढरा वंश दडलेला असला, तरी त्यांचेही झबले तांबडेच असते. ते दाणे पेरून पुन्हा एक हंगाम वाट पाहावी, तेव्हा कोठे कोणते झाड पांढऱ्या दाण्याचे, हे कळते. एका झाडावरचे सर्व दाणे मात्र एकाच रंगाचे असतात. सारांश, रंगाच्या निवडीत शास्त्रज्ञ सदैव एक पिढी मागे असतो.

ह्यातील हिशेब मोठा उद्बोधक आहे. चौसष्टांत एक झाड पांढरे निघते, म्हणून चौसष्ट झाडे लावली म्हणजे एक खात्रीने मिळेल, अशी कल्पना करणे चुकीचे होय. दैव प्रतिकूल असेल, तर एकही मिळणार नाही. शंभरांत नव्याण्णव हिश्श्यांनी खात्री हवी असेल, तर एका घटकाच्या संकरात १७ झाडे, दोन घटकांच्या संकरात ७२ झाडे आणि तीन घटकांच्या संकरात २९३ झाडे लावावी लागतात. बरे, शास्त्रज्ञाला नुसता पांढरा रंग नको असतो. तांबेरा रोगाला दाद न देणारे, बेताच्या उंचीचे, वेळेवर पिकणारे झाडही हवे असते. पांढऱ्या रंगाच्या जोडीला चारांत एक येणारा आणखी एकच गुण हवा म्हटला, तरी प्रमाण २५६ मध्ये एक होते व तेवढ्याच खात्रीसाठी १,१७७ झाडांची जोपासना करावी लागते. रंगाचा हट्ट धरला, म्हणजे चौसष्टांतील त्रेसष्ट झाडे, मग ती इतर गुणांनी कितीही सरस असोत, बाजूला टाकावी लागतात. गृहिणीच्या एका नजरेची ही खरी किंमत आहे.

ह्यातून वाट काढण्याची एक युक्ती आहे. संकराचे पहिले झाड पुन्हा पांढऱ्या वाणाशीच संकरित केले, तर संततीत पांढरी झाडे चौसष्टांत एक न येता आठांत एक येतात व ३५ झाडांत काम भागते. परंतु ह्या मार्गाने तांबड्या वाणाचे इतर चांगले गुणही निम्म्याने पातळ होतात. म्हणजे एकीकडे साधावे, तो दुसरीकडे निसटते. एक सोय मात्र निसर्गाने करून ठेवली आहे. पांढरे झाड एकदा हाती लागले, की त्याच्या वंशात तांबडा घटक उरलेलाच नसल्याने पुढे ते कायमचे पांढरे राहते. तांबड्याचे तसे नाही. त्रेसष्ट तांबड्या झाडांपैकी ३७ झाडेच शुद्ध तांबड्या वंशाची असतात. उरलेल्या २६ झाडांच्या संततीत पुढे केव्हा ना केव्हा पांढरी निघतात. वरून एकाच रंगाची दिसणारी झाडे आतून किती भिन्न असतात, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

हा सर्व खटाटोप करण्याइतके पांढऱ्या गव्हाचे महत्त्व का? ह्याचे उत्तर आपल्या तव्यावर आहे. युरोपात कोंडा चाळून काढून मैद्याचा पाव करतात. कोंडा गेला, म्हणजे रंगही गेला. त्यामुळे तांबड्या गव्हाचा मैदाही पांढराच असतो. आपण मात्र कोंड्यासकट दळलेल्या पिठाची पोळी करतो. तांबड्या आवरणाचे कण त्या पिठात राहतात, पोळी काळसर दिसते आणि रंगद्रव्यातील किंचित तुरटपणाही जिभेला जाणवतो. म्हणजे गृहिणीची आवड हा निव्वळ लहरीचा खेळ नव्हे. तिला कारण आहे.

ह्या आवडीचे सामर्थ्य किती, ते आपल्या देशाच्या इतिहासात एकदा चांगलेच दिसून आले. १९६० नंतरच्या दशकात देशात धान्याची मोठी टंचाई होती. मेक्सिकोत बुटक्या व भरघोस पिकणाऱ्या गव्हांची पैदास करणारे नॉर्मन बोरलॉग १९६३ साली भारतात आले व त्यांचे वाण येथे पेरून पाहण्यात आले. त्यांपैकी 'सोनोरा ६४' व 'लर्मा रोजो' हे प्रमुख होते, आणि १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणविण्यात आले. पीक उदंड आले. परंतु दाणा तांबडा! 'रोजो' ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तांबडा असा आहे. उपासमारीचे सावट असतानाही बाजारात ह्या गव्हाला देशी अंबरी गव्हापेक्षा कमी भाव येई.

तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी दोन वाटांनी हा प्रश्न सोडविला. पहिली वाट निवडीची. मेक्सिकोहून आलेल्या ज्या संकरित साहित्यात अजून निरनिराळी झाडे निघत होती, त्यातून त्यांनी अंबरी दाण्याची झाडे वेचून काढली. लुधियाना व दिल्ली येथे झालेल्या अशा निवडीतून 'कल्याण सोना' हे वाण पुढे आले. त्याच संकरातून 'पी. व्ही. १८' हे तांबड्या दाण्याचे भावंडही निघाले होते. एकाच घरची ही दोन भावंडे; परंतु नाव झाले ते अंबरी भावाचे. 'सोनालिका' हे दुसरे अंबरी वाणही त्याच सुमारास, १९६७ च्या आसपास, प्रसारात आले आणि ह्या दोन वाणांनी उत्तर हिंदुस्थानातील शेते व्यापली. दुसरी वाट उत्परिवर्तनाची. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेत डॉ. एम. एस. स्वामिनाथन व त्यांचे सहकारी ह्यांनी 'सोनोरा ६४' च्या बियांवर किरणांचा मारा करून त्यातून अंबरी दाण्याचे झाड मिळविले व त्याला 'शरबती सोनोरा' असे नाव दिले. तांबडेपणा ही घटकाची करणी असेल, तर तो घटक बिघडविला की पांढरेपणा आपोआप यावा, हा तर्क येथे प्रत्यक्षात उतरला. बाजारात सिहोरकडचा म्हणून जो शरबती गहू मिळतो, तो मात्र ह्याहून निराळा. नामसाम्याने घोटाळा होऊ देऊ नये.

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल, की पांढरा गहू चांगला व तांबडा वाईट. परंतु तांबड्या गव्हाची बाजू ऐकल्यावाचून निकाल देणे न्यायाचे होणार नाही. तांबडा गहू निकृष्ट असता, तर कॅनडा, उत्तर अमेरिका व उत्तर युरोप ह्या गव्हाच्या आगरांत तो शतकानुशतके का टिकला असता? कॅनडाच्या गव्हाला जगात कीर्ती मिळवून देणारे 'मार्क्विस' हे वाण तांबड्या दाण्याचेच होते. आणि आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की १८९२ साली झालेल्या ज्या संकरातून ते निघाले, त्यातील आई 'हार्ड रेड कलकत्ता' नावाचा हिंदुस्थानातून गेलेला गहू होता. चार्ल्स सॉन्डर्स ह्या शास्त्रज्ञाने ओटावा येथे ह्या संकराच्या संततीतून उत्तम झाड निवडले. तो दाण्याच्या रंगावर विसंबून राहिला नाही. प्रत्येक झाडाचे चार दाणे तोंडात टाकून चावी, आणि त्यांचा जो चिकट गोळा होई, त्यावरून पिठाची प्रत जोखी.

तांबड्या गव्हाचा खरा गुण मात्र पावसात कळतो. पिकलेला दाणा ओंबीत असतानाच भिजला, तर त्यातील अंकुर जागा होण्याचा संभव असतो. तो जागा झाला, की पिठाचे साखरेत रूपांतर करणारी पाचक द्रव्ये दाण्यात पसरतात. पुष्कळदा मोड बाहेर दिसतही नाही. परंतु पीठ बिघडलेले असते. त्याची कणीक सैल पडते व पाव आतून चिकट, ओलसर राहतो. हे ओळखण्याची एक पद्धत स्वीडनमधील स्वेन हागबर्ग ह्याने १९६० च्या सुमारास काढली. पीठ व पाणी नळीत घालून उकळत्या पाण्यात ढवळतात आणि त्या लापशीतून एक दांडा तळाशी जावयास किती वेळ लागतो, ते मोजतात. चांगल्या गव्हाची लापशी दाट होते व हिशेब तीनशे सेकंदांच्या वर जातो. मोड आलेल्या गव्हाची लापशी पातळ पडते व दांडा शंभर सेकंदांच्या आतच तळ गाठतो.

पिकल्यावर काही आठवडे बी ओलावा मिळूनही न उगवता निजून राहते. ह्या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. तांबड्या गव्हाची ही झोप सामान्यतः गाढ असते, पांढऱ्याची सावध. हा निव्वळ योगायोग नव्हे. कारण तांबड्या वाणातील रंगाचा घटक बिघडवून त्याला पांढरे केले असता त्याची झोपही काहीशी उडते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आता स्वीडनसारख्या देशाचा विचार करा. तेथे गहू ऑगस्टच्या सुमारास, पावसाळी हवेत कापतात. तेथे पांढरा गहू पेरणाऱ्याचे पीक एखाद्या वर्षी शेतातच मोडून जावयाचे. आपल्याकडे गहू फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या उन्हात खळ्यावर येतो. म्हणून आपल्या पूर्वजांना पांढऱ्या गव्हाची हौस परवडली. सारांश, कोणत्या देशाने कोणता रंग पसंत करावा, हे त्या देशाच्या जिभेने जितके ठरविले, तितकेच त्याच्या आकाशाने ठरविले आहे.

परंतु आकाश काही करारपत्र लिहून देत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रात गारपीट व अवकाळी पाऊस होऊन रबीची पिके कशी झोडपली गेली, ते पुष्कळ पालकांच्या स्मरणात असेल. अशा वेळी आपल्या अंबरी गव्हाची सावध झोप शेतकऱ्याला महागात पडते. काही थोडक्या पांढऱ्या गव्हांतही गाढ झोपेचा गुण आढळला आहे. हा गुण रंगाच्या घटकांखेरीज दुसऱ्या घटकांनी येतो, ही त्यातील आशेची गोष्ट होय. म्हणून पोळी पांढरी राहावी आणि पावसात पीकही टिकावे, असे दोन्ही हेतू साधणारे वाण निर्माण करणे अशक्य नाही. आता कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासून त्यात कोणते घटक आहेत, हे प्रयोगशाळेत सांगता येते. आईने शिवलेल्या झबल्याकरिता एक हंगाम थांबावे लागत नाही. जे काम पूर्वी केवळ धीरावर चाले, त्याला आता ह्या नव्या साधनाची जोड मिळाली आहे.

ज्या विद्यार्थ्यांना हे स्वतः पडताळून पाहावयाचे असेल, त्यांनी नव्या हंगामाचा गहू आला, की एक सोपा प्रयोग करावा. नुकत्याच मळलेल्या तांबड्या व अंबरी गव्हाचे शंभर-शंभर दाणे दोन बशांत ओल्या टिपकागदावर पसरावे, कागद रोज ओला ठेवावा व सात दिवस दररोज किती दाणे उगवले, ते वहीत टिपावे. हाच प्रयोग त्याच गव्हावर तीनचार महिन्यांनी पुन्हा करावा व दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडावे. जुन्या गव्हाची झोप संपलेली असते, हे तेव्हा आकड्यांनीच सिद्ध होईल. कॉस्टिक सोड्याचा प्रयोग मात्र शिक्षकांच्या देखरेखीवाचून करू नये. त्याने कातडी भाजते.

पालकांसही एक विनंती करावीशी वाटते. गहू घेताना रंग अवश्य पाहावा, परंतु केवळ रंग पाहू नये. दाणा वजनदार व भरलेला आहे काय, अंकुराच्या जागी साल फाटलेली नाही ना, कुबट वास येत नाही ना, ह्या गोष्टी पोळीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत. तांबड्या दाण्यात सत्त्व कमी असते, किंवा उलट तांबडा तेवढा अधिक पौष्टिक, ह्या दोन्ही समजुतींना आधार नाही; दाण्यातील प्रथिनाचे प्रमाण वाण, जमीन व खत ह्यांवर अवलंबून असते, आवरणाच्या रंगावर नव्हे.

एका लहानशा दाण्याच्या पापुद्र्यात इतका अर्थ भरलेला आहे. पांढऱ्या गव्हाची एकही ओंबी न मिळाल्यामुळे निराश न होता ज्याने पुढची पिढी पेरली व मोजली, त्याला सृष्टीचा एक नियम सापडला. आणि ज्यांनी लोकांची आवड क्षुद्र न मानता तिचा मान राखला, त्यांच्या वाणांनी कोट्यवधी लोकांच्या ताटात पोळी वाढली. चिकाटीने मोजणे आणि दुसऱ्याच्या गरजेचा विचार करणे, हे दोन धडे ज्याने ह्या दाण्यापासून घेतले, त्याचे शिक्षण वाया गेले नाही, असे खुशाल समजावे.